सुगीचा ताप

सुगी आली हे मला पंचांग सांगत नाही, माझी छाती सांगते. फाल्गुनातल्या एखाद्या दुपारी मी वर्गात फळ्यावर लिहीत असतो. शाळेच्या मागच्या रस्त्यानं कडब्याची गाडी जाते, खिडकीतून एक कोरडा, गोडसर वास आत येतो, नाकाच्या मुळाशी जाऊन बसतो, आणि माझ्या श्वासाच्या शेवटाला बारीक शीळ लागते. मुलांना ती ऐकू येत नाही. मी खडू ठेवतो आणि खिडकी लावून घेतो. धाराशिवात मास्तरकी करायला लागल्यापासून दर फाल्गुनात मी ही खिडकी लावत आलोय, आणि ती लावताना दर वेळी मला वैनी आठवते. खिडकी लावून आत बसता येणं ही माझी आयुष्यभराची चैन आहे, आणि ती मला वैनीनं दिली आहे.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. अण्णा मला तम्मा म्हणतो, आमच्या कानडी सीमेकडची ही धाकट्या भावाची हाक. मी दहा वर्षांचा असताना जळकोटजवळच्या आमच्या घरात दोन माणसं एकाच वर्षी नवी आली. एक वैनी, लग्न होऊन, भूमकडून. दुसरा मी, सोलापुराहून. माझी आई मला जन्म देऊन गेली, म्हणून मामानं मला नेलं होतं. मामाच्या घरी फरशी होती, दारात नळ होता, पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा. जनावर म्हणून एक मांजर. दहा वर्षं मी त्या धुतलेल्या घरात वाढलो आणि मग एकदम बैल, म्हशी, कडब्याच्या गंजी आणि धान्याची जमिनीखालची पेवं असलेल्या घरी आलो.

त्या पहिल्याच सुगीत माझा श्वास कोंडला. घशाला कुणीतरी दावं आवळावं तसं झालं. घरातले सगळे घाबरले. घाबरली नाही ती फक्त वैनी. ती स्वतः तेव्हा जेमतेम चौदा-पंधराची असेल. तिनं मला उठवून बसवलं, पाठीला वाकळ लावली, ओवा घालून तेल कोमट केलं आणि छातीला चोळत राहिली.

"घ्या श्वास, भावजी. बेतानं घ्या. हवा कुठं पळून जायलीय व्हय?"

हे वाक्य मी पुढं कितीदा ऐकलं असेल. आजही छाती वाजायला लागली की मी स्वतःशी तेच म्हणतो.

वैनीच्या माहेरी दावणीला लई जनावरं. ती गोठ्यातच रांगली. तिची आई तिला गव्हाणीत कडब्यावर निजवून धारा काढायची. "आमच्यात आन वासरात फरक एवढाच," ती म्हणायची, "की आमाला पुढं लुगडं नेसवलं." शेणाच्या, मुताच्या, भुसकटाच्या धुळीत वाढलेली ही मुलगी कधी शिंकली नाही की खोकली नाही. गंजीवरून कडबा ओढताना धुळीचा लोट अंगावर आला तरी ती गाणं म्हणत असायची. आणि मी अंगणात उभा राहून शिंकांनी हैराण. आप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "छाती बघावी तर सुनंची. पोरगं निस्तं काचंचं भांडं हाय."

सगळ्या घरानं हे मनात धरलं. वैनीची छाती गोठ्यातली, तिला काही होत नाही. मीही धरलं. माझ्या सोयीचं होतं ते.

आता ज्या सुगीबद्दल लिहायचं आहे ती निजामाच्या राज्यातली शेवटची सुगी. शेवटची आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सोलापूरकडचा मुलूख स्वतंत्र झाला होता, आम्ही झालो नव्हतो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्याच्या अल्याड एक राज्य, पल्याड दुसरं. गावातले काही लोक बायकापोरांना पलीकडे पाव्हण्यांकडे ठेवून आले होते. रझाकारांच्या गोष्टी पारावर हळू आवाजात चालत. मी धाराशिवात उर्दूतून मॅट्रिक होऊन घरी आलो होतो, नोकरी नव्हती आणि मागायची कुणाकडं हेही कळत नव्हतं. विशीतला मी त्या दिवसांत नुसता खात होतो आणि वाचत होतो.

माघात अवकाळी झाली. कापून, मोडून खळ्याशेजारी रचलेली ज्वारीची कणसं भिजली. एरवी अशी कणसं पसरून, उलटीपालटी करून चांगली खडखडीत वाळवायची असतात. त्या साली तेवढा धीर कुणाला होता? तोंडाला फडकी बांधलेली माणसं येतात आणि खळ्यावरून धान्य नेतात, अशा बातम्या रोज यायच्या. आप्पा म्हणाले, धान्य घरात आलं तर आपलं. कणसांच्या ढिगात हात घातला की आत ऊब लागायची, निजलेल्या जनावराच्या पोटाखाली लागते तशी. आंबूस वास यायचा. कणसांवर राखाडी लव धरली होती. तसलीच कणसं खळ्यात टाकली आणि बैलांची पात धरली. बैल गोल फिरू लागले तसा खुरांखालून जो धुरळा उठला तो नेहमीसारखा पिवळट नव्हता. चुलीतली राख उडावी तसा होता. मी बांधावर उभा होतो. तिथंच माझी छाती वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी अण्णानं गाडी जुंपली आणि मला नळदुर्गाला एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांकडे नेलं. वैनीही बसली गाडीत, बाळाला घेऊन. तिचा पहिला मुलगा तेव्हा झोळीतला होता. हकीमसाहेब फार बारीक, पांढऱ्या दाढीचे. त्या दिवसांत त्यांच्याकडे कुणी फारसं येत नसावं, कारण आम्हाला बघून ते दारापर्यंत आले. त्यांनी माझ्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले,

"मियाँ, तुम्हारे सीने में एक जागल्या बैठा है. डरपोक है. पत्ता हिला तो बी चिल्लाता. चोर कौन, मेहमान कौन, उसकू समझता नहीं."

जागल्या म्हणजे आमच्याकडचा गावचा राखणदार. रात्री घुंगराची काठी आपटत फिरतो, ओरडतो. माझ्या छातीतला हा राखणदार भित्रा निघाला होता, पान हललं तरी गाव उठवत होता. वैनी पदर तोंडाला लावून हसली. हकीमसाहेबांनी तिच्याकडे बघितलं.

"और बेटी, तेरा जागल्या?"

"आमचा झोपतोय की सुखानं," वैनी म्हणाली. "आमच्या गोठ्यातला हाय त्यो. बैलाशेजारी निजतोय."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "सोता सो जागल्या अच्छा नहीं, बेटी. घर लुट जाता, आवाज नहीं होता." मग त्यांनी मला काढ्याच्या पुड्या दिल्या आणि सांगितलं, धुळीत जायचंच असेल तर नाकातोंडावर ओलं फडकं बांध, सुकलं की पुन्हा भिजव. परत येताना वैनी गाडीत मला चिडवत होती. "भावजी, वराडू नका, पान हललंय नुस्तं."

घरी आल्यावर तिनं तिच्या एका विरलेल्या हिरव्या इरकली लुगड्याचा पट्टा फाडला, चार पदरी घडी केली आणि दोन्हीकडं बंद लावले. माझ्या तोंडाला बांधून बघितला. म्हणाली, "नवरदेव दिसायलाव."

ज्यांनी खळं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. मळून झालेलं धान्य आणि भुसकट एकात एक असतं. एकजण वावडीवर, म्हणजे उंच तिपाईवर उभा राहतो, पाटीतून ते वाऱ्यावर सोडतो. दाणे खाली पडतात, भुसकट वारा नेतो. पण सगळं नेत नाही. खाली पडणाऱ्या राशीवर कोंडा बसत राहतो, आणि तो सारायला राशीपाशी एका माणसाला बसावं लागतं, हातात हातणी, म्हणजे मऊ केरसुणी घेऊन. राशीला लागूनही न लागल्यासारखा हात फिरवायचा असतो. दाणा हलता कामा नये आणि कोंडा राहता कामा नये. वरून पडणारी सगळी धूळ या माणसाच्या डोक्यावर, तोंडावर. वारा चांगला असला तर निभतं. वारा पडला की उपणणी थांबवायची, हा नियम. त्या साली वारा सारखा पडत होता, आणि आम्ही थांबलो नाही.

हातणी त्या वर्षी माझ्यावर होती. मी वैनीनं शिवलेलं फडकं घागरीतल्या पाण्यात भिजवलं, बांधलं आणि खळ्यात उतरलो. अण्णा वावडीवर उभा. आप्पांनी मान वर केली.

"हे काय रं?"

"हकीमसाहेबांनी सांगितलंय."

"रास हकीमसाहेबाची हाय का माझी? सोड ते."

"आप्पा, धूळ लई हाय."

"धूळ न्हाय ती, लक्ष्मी हाय. तिच्यापुढं तोंड झाकून कोण येतंय? चोर येतंय. आन मुसकं बैलाला आसतंय, माणसाला न्हाय."

आमच्याकडे राशीपुढं पायात वहाण घालून जात नाहीत. रास संपली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि तोंड झाकत नाहीत. माणसानं कष्ट केले, देवानं दिलं, आता दोघांनी एकमेकांची तोंडं बघायची, असा काहीतरी त्यातला भाव असावा. मला तो आजही वाईट वाटत नाही. पण त्या वर्षी आप्पांच्या आवाजात रागापेक्षा दुसरंच काही होतं. फडकं बांधलेल्या तोंडांची त्या दिवसांत सगळ्या मुलखाला धास्ती होती. आपल्याच खळ्यावर, आपल्याच पोराचं तसलं तोंड त्यांना बघवलं नाही. हे मला फार उशिरा कळलं.

अण्णा वावडीवर तसाच उभा होता. मी फडकं सोडलं. दोन-चार श्वास घेतले आणि छाती शीळ घालायला लागली. तेव्हा पाट्या द्यायला उभी असलेली वैनी पुढं आली.

"मामंजी, मी बसते हातणीला. पाट्या गडी दील. भावजींना झोळीपशी बसवा, पोरगं रडायलंय."

आप्पांनी गड्याला पाट्यांकडं बोट दाखवलं. काचेचं भांडं बाजूला ठेवायचं होतं आणि गोठ्यातली छाती पुढं आली होती. सगळ्यांनाच ते बरं वाटलं. वैनीनं माझ्या हातातून फडकं घेतलं, बघितलं, आणि घागरीभोवती गुंडाळलं.

"वाया कशाला? पाणी तरी गार ऱ्हाईल."

मग मला म्हणाली, "जावा. वरल्या अंगाला बसा."

वरलं अंग म्हणजे जिकडून वारा येतो ती बाजू. तिथं एक बाभळ होती, तिला बाळाची झोळी टांगलेली. मी तिथं बसलो. एका हातात झोळीची दोरी, मांडीवर पुस्तक. वरल्या अंगाची हवा स्वच्छ होती. तिला बाभळीच्या फुलांचा वास होता. समोर राखाडी ढगात वैनी बसलेली, तिचा फक्त हात दिसायचा, डावीकडून उजवीकडं जाणारा. दुपारपर्यंत माझी छाती मोकळी झाली. तिसऱ्या प्रहरी तर ती इतकी मोकळी होती की मी उठून तासभर तरी हातणी घेऊ शकलो असतो. मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही उठलो नाही. तिची छाती गोठ्यातली होती ना.

पहिल्याच दिवशी दिवेलागणीला वैनी चुलीपुढं भाकरी थापायला बसली आणि तिला हुडहुडी भरली. जाळापुढं बसून ती कापत होती. कपाळ तव्यासारखं. सांधे दुखत होते, कोरडा खोकला येत होता. कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे त्याला नावच होतं, सुगीचा ताप. राशीपाशी बसलेल्याला पहिल्या संध्याकाळी यायचाच. सकाळी घाम येऊन उतरायचा आणि माणूस पुन्हा कामाला लागायचं. ताप जितका जास्त तितकी रास मोठी, असं बायका म्हणत, आणि ते खरंही ठरायचं, कारण रास मोठी म्हणजे धूळ जास्त. मोठ्या तापाचं आम्ही कौतुक करत होतो.

वैनीही वाकळीतून म्हणाली, "मामंजी, एवढा ताप हाय, पेव भरंल बघा यंदा."

आणि आप्पा हसले. त्या सुगीत ते पहिल्यांदाच हसले. मीही हसलो.

पेव भरलं. भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. लोकांनी मिरवणुका काढल्या. मला धाराशिवात शाळेत नोकरी लागली. पोरं मराठीत शिकू लागली. राज्य बदललं, हातणी बदलली नाही. ती वैनीच्या हातात गेली ती तिथंच राहिली, कारण तिचा हात बसला होता आणि तिच्यासारखी रास कुणाला साफ करता येत नव्हती. आणि दर साली खळ्यावर घागरीला ओलं फडकं असायचं. माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. पाण्याला आम्ही जपलं.

मी सुगीला गावी जाणं सोडलं. छाती सोसत नाही हे कारण खरंच होतं. खरं कारण हाताशी असलं की माणूस दुसरं कारण तपासत नाही. दिवाळीला जायचो तेव्हा वैनी तशीच हसरी. मग कुणाच्या तरी बोलण्यातून कळायचं की यंदा तिचा ताप दोन दिवस उतरला नव्हता. पुढं कळलं, खोकला आषाढापर्यंत राहिला. पुढं मी स्वतः बघितलं, विहिरीवरून घागर आणताना ती मध्येच भिंतीला हात टेकून उभी होती. मी दिसल्यावर म्हणाली, "भिंत पडायलीय का बघायलते."

अशी वीसेक वर्षं गेली, आप्पाही गेले. गेल्या मार्गशीर्षात मी तिला सोलापूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. क्षय असेल या भीतीनं अण्णानं घरात तिचं ताट-तांब्या वेगळा केला होता, तिनंच करायला लावला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो उजेडाला धरला, छाती ठोकून बघितली, आणि विचारलं,

"बाई, सुगीत संध्याकाळी ताप यायचा का?"

"येतोय की. दर साली. सुगीचा ताप त्यो, त्याचं काय इतकं?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. क्षय नव्हता. भिजलेल्या, बुरसटलेल्या धान्याची धूळ फार बारीक असते, ते सांगत होते, ती नाकात अडकत नाही, फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाते. शरीर तिच्याशी झगडतं, तोच तो संध्याकाळचा ताप. सकाळी ताप उतरतो, पण झगड्याच्या जागी वण राहतो. वर्षानुवर्षं वणावर वण चढत गेले की फुप्फुस सुकलेल्या कातड्यासारखं होतं, फुगत नाही. आता जेवढं आहे तेवढं सांभाळायचं. धुळीत पुन्हा जायचं नाही.

मी डॉक्टरांना माझ्या छातीबद्दल विचारलं. ते म्हणाले, तुमचा दमा वेगळा, तो लगेच बोंब मारतो, म्हणून तुम्ही धुळीतून उठून जाता. त्यांना हकीमसाहेब माहीत असायचं कारण नव्हतं.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. हकीमसाहेब एका गोष्टीत चुकले होते, असं मला वाटत होतं. वैनीचा जागल्या झोपलेला नव्हता. तो दर संध्याकाळी उठत होता, अंधारात एकटा चोराशी झुंजत होता, आणि त्या झुंजीत घराच्याच भिंती पडत होत्या. तो फक्त ओरडत नव्हता. माझा ओरडला म्हणून मला उचलून बाभळीखाली बसवलं. लहानपणी कुणाला गोठा मिळतो, कुणाला फरशी. गोठ्यातल्या धुळीनं वैनीच्या शरीराला शिंकायचं नाही असं शिकवलं असेल, खरंखोटं मला ठाऊक नाही. पण तिच्या न शिंकण्यावर आमच्या सगळ्या घराची रास साफ झाली, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

"वैनी," मी म्हणालो, "त्या साली दुपारनंतर माझी छाती मोकळी हुती. मला उठता आलं असतं."

ती डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "म्हाइतंय की. पुस्तक वाचताना खोकला न्हवता येत तुमाला. धुळीतनं मला दिसत न्हवतं व्हय?"

"मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलू? झोळी हलवत हुताव ना? पोरगं गप हुतं माझं." थोडं थांबून, दम घेऊन म्हणाली, "ते जाऊ द्या. डाक्टर म्हणालाय धुळीत जायचं न्हाय. मग सुगीला हातणीला कोण बसंल? महादेवीच की."

महादेवी तिची सून. गेल्या वैशाखात आलेली. हसरी, उंच, आणि माहेरी चार म्हशी असलेली. मला एकदम आप्पांचा आवाज ऐकू आला, छाती बघावी तर सुनंची.

यंदा माघात पुन्हा अवकाळी झाली. धाराशिवात खिडकीतून तो पाऊस बघताना मला कणसांच्या ढिगातली ती ऊब तळहाताला जाणवली. रजा काढली आणि जळकोटच्या एसटीत बसलो. कडब्याच्या गाड्या रस्ताभर लागत होत्या, आणि बस प्रत्येक गाडीमागं गेली की माझा भित्रा जागल्या काठी आपटत उठत होता.

खळ्यावर गेलो तेव्हा उपणणी सुरू व्हायची होती. झोळीतलं ते बाळ, माझा पुतण्या, आता वावडीवर उभा होता. अण्णा पाट्या भरत होता, डोईला पटका, मिशा पांढऱ्या. वैनीला बाभळीखाली, वरल्या अंगाला बसवलं होतं. महादेवी हातणी घेऊन राशीच्या जागेपाशी बसत होती. मी कणसांचा कोंडा हातात घेतला. राखाडी होता.

"अण्णा," मी म्हणालो, "तिला तोंडाला फडकं बांधू दे."

अण्णा माझ्याकडे बघत राहिला. आप्पांसारखाच दिसत होता. "तम्मा, आरं, राशीपुढं..." तो म्हणाला आणि थांबला. त्याला रागावता येत नव्हतं आणि हो म्हणता येत नव्हतं. वर पुतण्या पाटी डोक्यावर धरून उभा.

तेव्हा वैनी उठली. बाभळीपासून खळ्यापर्यंत पाच-पंचवीस पावलं असतील. ती दोनदा थांबली. मी धरायला गेलो तर हात झटकला. ती घागरीपाशी गेली, घागरीभोवतीचं ओलं फडकं सोडलं, पुन्हा एकदा पाण्यात बुडवून पिळलं, आणि दातानं कड तोडून त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा महादेवीच्या नाकातोंडावरून नेला आणि डोक्यामागं गाठ मारली.

"अगं," अण्णा म्हणाला, "लक्ष्मीला काय वाटंल?"

वैनीला लगेच बोलता येईना. ती कमरेवर हात ठेवून श्वास गोळा करत होती. मी म्हणालो, "बेतानं घ्या, वैनी. हवा कुठं पळून जायलीय व्हय?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत हसू आलं. मग राशीच्या मोकळ्या जागेकडं तोंड करून ती बोलली, माणसाशी बोलावं तशी.

"माझं तोंड लई बघितलंस बाई. पोट भरंस्तोवर बघितलंस. आता हिचं झाकलेलं आसू दे. म्या बसते तिथं समूर, उघड्या तोंडानं. मला वळखतीस तू."

वैनीच्या हातात फडक्याचा दुसरा तुकडा राहिला होता. मी हात पुढं केला.

"मास्तर, तुमी कुठं?" वैनीनं विचारलं.

"हातणीला. आळीपाळीनं बसू आमी दोघं."

"वराडंल की तुमचा त्यो."

"वराडू द्या."

तिनं माझ्या तोंडाला फडकं बांधलं. गाठ मारताना तिची बोटं मानेला लागली, थंड आणि ओली. मग ती परत फिरली, हळूहळू बाभळीखाली गेली, आणि माझ्या जागेवर बसली. पुतण्यानं पाटी सोडली. वरून दाणे आणि धूळ एकदमच आली. ओल्या फडक्यातून श्वास जड येत होता, त्याला मातीचा आणि जुन्या सुताचा वास होता. पण येत होता. मला हातणी नीट मारता येत नव्हती, महादेवी मध्ये मध्ये माझा हात धरून दाखवत होती. दर थोड्या वेळानं आम्ही फडकी भिजवत होतो. वारा पडला की अण्णा स्वतःच हात वर करून थांबवत होता. एकदा वर बघतो तर त्यानं पटक्याचा शेव नाकावरून घेऊन कानामागं खोचला होता, आणि मी बघतोय असं दिसताच तोंड फिरवलं.

संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो. चूल पेटली होती. सगळे महादेवीकडं चोरून बघत होते. ती भाकरी थापत होती आणि आमच्या बघण्यानं बावरली होती. दिवा लागला. हुडहुडीची वेळ ती. वैनी तिच्या मागं जाऊन बसली, तिच्या कपाळाला तळहात लावला, मग हात उलटा करून गळ्याला लावला. तसाच बराच वेळ ठेवला.

"थंड हाय," ती म्हणाली.

अण्णानं घोंगडीवर अंग टाकलं आणि मोठ्यानं सुस्कारा सोडला. महादेवीनं भाकरी तव्यावर टाकली. मग वैनी सरकत सरकत माझ्याजवळ आली. तिच्या दमाचा आवाज आणि माझ्या छातीची शीळ, दोन्ही त्या अंगणात ऐकू येत होती. तिनं माझ्या पाठीला हात लावला, दहा वर्षांच्या पोराच्या पाठीला लावायची तसा.

"तुमची तर वाजायलीय, भावजी."

"वाजू द्या, वैनी."

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिलो.